खारबाव : सीमा, शेजार आणि चेंडू

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, जूचंद्र व कामण रोड ही स्थानके मागे टाकावी, म्हणजे भिवंडी रोडच्या अलीकडे खारबाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. मुंबईच्या इतक्या निकट असूनही ज्या गावांची नावे मुंबईकरांस सहसा ठाऊक नसतात, त्यांपैकी हे एक होय. या मार्गावर उतारूंच्या गाड्या मोजक्याच धावतात. म्हणून जाणाऱ्याने परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी, हे बरे. स्थानकाबाहेर पडले की भातखाचरे दिसू लागतात. एका अंगास तुंगारेश्वराचे डोंगर, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचे रुंदावत गेलेले पात्र म्हणजेच वसईची खाडी, आणि अधूनमधून भिवंडीच्या आसमंतात अलीकडे सर्वत्र उभी राहिलेली पत्र्याच्या छपरांची प्रचंड गोदामे, असा हा देखावा आहे. सृष्टिसौंदर्यासाठी मुद्दाम यावे असे येथे फारसे नाही. परंतु ज्यास मनुष्यस्वभावाविषयी कुतूहल आहे, त्याने एक दुपार येथे अवश्य घालवावी.

गावाच्या नावातील 'खार' हा शब्द कोकणपट्टीतील वाचकांस नवा नाही. भरतीचे खारे पाणी ज्या सखल जमिनीवर चढते, ती खार जमीन. अशा जमिनीत भात पिकवावयाचे तर खाडीच्या बाजूस मातीचा बांध घालावा लागतो आणि त्या बांधास ठिकठिकाणी उघाडी ठेवावी लागते. ओहोटीच्या वेळी उघाडीचे दार बाहेरच्या बाजूस उघडून शेतात साचलेले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. भरती येऊ लागली की पाण्याच्याच दाबाने ते दार आपोआप मिटते. बांध नसेल तर शेत खाऱ्या पाण्याने नासते. आणि बांध आहे पण उघाडी नाही, असे झाले तर तेच शेत आपल्याच पाण्यात बुडून कुजते. शेतकऱ्यास हे शिकविण्यास कोणी शास्त्री लागत नाही. राष्ट्रांस मात्र हीच गोष्ट पुनःपुन्हा शिकावी लागते, असे आम्हांस या गावी जे थोडेसे पाहावयास मिळाले त्यावरून वाटले. आणि तेच वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

हा प्रदेश एके काळी खरोखरीच दोन सत्तांची सीमा होता. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती आणि पुढे साष्टी बेटही त्यांच्याच अमलाखाली होते. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मध्यंतरी मोगल येऊन गेले, ठाणी या हातातून त्या हातात गेली. तथापि खाडीच्या एका तीरावर एक राज्य आणि दुसऱ्या तीरावर दुसरे, ही स्थिती पुष्कळ काळ राहिली. खारबावाहून फार दूर नसलेल्या अंजूर गावचे गंगाजी नाईक यांनी वसईच्या मोहिमेसाठी केलेली खटपट इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मोठा रक्तपात होऊन किल्ला पडला. परंतु तहात पराभूत शिबंदीस शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले गेले, आणि जे मागे राहतील त्यांच्या धर्मास अभय मिळाले. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरास त्या अद्याप पाहावयास मिळतात.

या घंटांविषयी विचार करू लागलो की मौज वाटते. ज्या शत्रूस घालवून देण्यासाठी हजारो माणसे मेली, त्याच्या घरची घंटा आमच्या देवास जागे करीत आहे! इतकेच नव्हे, तर आम्ही किल्लीस चावी म्हणतो, महिन्याच्या अखेरीस पगाराची वाट पाहतो, उपवासास बटाटा खातो आणि हापूस आंब्याचा अभिमान बाळगतो. हे चारही शब्द पोर्तुगीजांकडून आमच्या घरात आले आहेत. सीमेपलीकडील मनुष्याशी आपण लढतो, त्याच वेळी त्याच्यापासून काहीतरी घेत असतो, आणि अखेर आपण ज्यास 'आपले' म्हणतो त्यात त्याचा वाटा किती, हे आपले आपणांसही सांगता येत नाही.

आता प्रस्तुत विषयाकडे वळू. भाताची कापणी होऊन गेली की या बाजूची खाचरे मोकळी होतात आणि मुलांची क्रीडांगणे बनतात. भिवंडी तालुक्यातील खेड्यांत मुख्य वेड क्रिकेटचे. गावागावांचे संघ रबरी चेंडूने सामने खेळतात आणि सदऱ्यांच्या पाठीवर गावाचे नाव छापून घेतात. परंतु आम्ही गेलो त्या दिवशी एका खाचरात फुटबॉलचा खेळ चालू होता. धसकटे काढून जागा सपाट केली होती, दोन बाजूंस दोन दोन विटा ठेवून गोल मांडले होते, आणि दहा-बारा मुले धुळीने माखून धावत होती. विशेष हे की, त्यांतील कित्येकांच्या अंगात पिवळे सदरे होते आणि कित्येकांच्या अंगात आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचे. पिवळे ते ब्राझीलचे व पट्ट्यांचे ते अर्जेंटिनाचे, हे आज आजोबांसही नातवंडांमुळे ठाऊक झालेले आहे. खेळ थांबला तेव्हा आम्ही पट्टेवाल्यांतील एका मोठ्या मुलास विचारले, "बाळ, अर्जेंटिना कोठे आहे रे?"

तो हसून म्हणाला, "लांब हाय, आजोबा. पन मेस्सी आमचा हाय."

पिवळ्या सदऱ्यातील मुलगा लागलीच पुढे सरसावला. "आमी ब्राझीलवाले. यांना सोडनार नाय." अधिक चौकशी करता असे कळले की, पट्टेवाले बहुतेक खारबावचे आणि पिवळे बहुतेक शेजारच्या पायेगावचे. म्हणजे भांडण मूळचे दोन शेजारी गावांचेच होते. सदरे तेवढे सात समुद्रांपलीकडून आणिले होते. दक्षिण अमेरिकेतील दोन शेजारी राष्ट्रांची चुरस भिवंडीच्या खाचरात येऊन रुजली, याचे कारण तिला येथे तयार जमीन मिळाली, हेच होय.

ज्या राष्ट्रांचे सदरे या मुलांनी घातले होते त्यांची हकीकत पाहण्यासारखी आहे. ब्राझील व अर्जेंटिना यांची सरहद्द एकमेकांस लागून आहे. एकाची भाषा पोर्तुगीज, दुसऱ्याची स्पॅनिश. १९१४ मध्ये या दोन देशांत फुटबॉलचा पहिला चषक खेळला गेला. तो अर्जेंटिनाचे माजी राष्ट्राध्यक्ष रोका यांच्या नावाचा असून, दोन शेजाऱ्यांत स्नेह वाढावा हाच त्याचा हेतू होता. म्हणजे आज जगात जी चुरस सर्वांत कडवी म्हणून प्रसिद्ध आहे, तिचा आरंभ मैत्रीच्या निमंत्रणाने झाला. याच भागातील तिसरे राष्ट्र उरुग्वे. आकाराने लहान, दोन मोठ्या शेजाऱ्यांमध्ये सापडलेले. परंतु १९३० मध्ये पहिली जागतिक स्पर्धा आपल्या राजधानीत भरवून त्याने अंतिम सामन्यात अर्जेंटिनास ४-२ असे हरविले. त्या सामन्यापूर्वी चेंडू कोणाचा घ्यावा यावरच वाद माजला. शेवटी पहिला अर्धा खेळ अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा अर्धा उरुग्वेच्या चेंडूने खेळावा असे ठरले. पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिना २-१ ने पुढे होते, हे ऐकून वाचकांस हसू येईल. पण घरातील दोन भावांच्या भांडणातही असे तोडगे निघत असतात.

१९५० मध्ये उरुग्वेने ब्राझीललाही त्याच्याच घरी, रिओ शहरातील नव्या भव्य क्रीडांगणावर, २-१ असे हरविले. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती आणि सुमारे पावणेदोन लाख तिकिटे काढून लोक विजय पाहण्यास आले होते. त्या पराभवाचे दुःख त्या राष्ट्राने सुतकासारखे पाळले. तोवर ब्राझीलचे खेळाडू पांढरे सदरे घालीत. ते अपशकुनी ठरले. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने नव्या वेषासाठी स्पर्धा लावली. ध्वजातील चारही रंग वेषात यावेत, अशी अट होती. ती स्पर्धा आल्दिर श्ली या कोवळ्या तरुणाने जिंकली. आज साऱ्या जगात ब्राझीलची ओळख होऊन बसलेला पिवळा सदरा त्याचा. आणि हा तरुण कोठला? उरुग्वेच्या सरहद्दीवरील जाग्वाराऊँ या गावचा. जेथे नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे उरुग्वे. पुढे तो लेखक झाला, दोन्ही बाजूंच्या भाषांत त्याने लेखन केले, आणि फुटबॉलमध्ये त्याचे मन उरुग्वेकडेच ओढ घेई, हे तो मोकळेपणाने सांगत असे. राष्ट्राचा अभिमान ज्या वस्त्रात गुंफला आहे ते वस्त्र शेजाऱ्यावर प्रेम करणाऱ्या हातांनी रेखिले, ही गोष्ट खारबावच्या त्या पिवळ्या सदऱ्यातील मुलास कोणी सांगितली पाहिजे.

शेजाऱ्यांची चुरस आणि 'आम्ही कोण' हा प्रश्न यांचे नाते आपल्या महाराष्ट्रात पाहावयाचे असल्यास कोल्हापुरास जावे. कुस्तीच्या तालमींचे ते शहर. संस्थानाच्या काळापासून तेथे फुटबॉलही रुजला, आणि ज्या तालमींनी मल्ल घडविले त्याच तालमींच्या नावांनी फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे कोल्हापुरात शेंबड्या पोरासही पाठ असतात. शाहू क्रीडांगणावर दोन पेठा समोरासमोर आल्या की एका घराण्यातील मामा-भाचेसुद्धा त्या दिवसापुरते परके होतात. कधी कधी ही चुरस मारामारीपर्यंत जाते आणि पोलिसांस मध्ये पडावे लागते, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. जागतिक स्पर्धा आली म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी यांच्या खेळाडूंच्या उंचच उंच प्रतिमा याच गल्ल्यांत उभ्या राहतात. तेथेही मूळ भांडण गल्लीचे आणि झेंडे परदेशाचे. परंतु २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली आणि भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा तो कोणत्या पेठेचा हे विसरून सारे कोल्हापूर त्याला आपला म्हणू लागले. पेठेचा अभिमान शहराच्या अभिमानात आणि शहराचा अभिमान देशाच्या अभिमानात असा सहज विरघळतो. लहान वर्तुळ पुसल्यावाचून मोठे वर्तुळ काढता येते, हा भूमितीतील सोपा धडा आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडलाची जी उपपत्ती आहे, तिच्यात लगतचा राजा हा स्वभावतः अरि आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र, असे गणित मांडिले आहे. राजकारणाच्या अनुभवावरून ते बसविलेले आहे आणि अनुभव त्याला पुष्कळदा साक्षही देतो. परंतु आपल्याच संस्कृत भाषेने दुसरे एक गणित सुचविले आहे. ज्या 'सीमन्' शब्दापासून सीमा आली, त्याच शब्दाचा सख्खा भाऊ 'सीमन्त' म्हणजे केसांतील भांग. भांग केसांचे दोन भाग करतो, पण मस्तक एकच राहते. किंबहुना भांगामुळेच त्यास शोभा येते. सीमा ही शत्रुत्वाची रेषा मानावी की शोभेची, हे रेषेवर अवलंबून नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांवर आहे.

राष्ट्राराष्ट्रांतील फुटबॉलचा अधिकृत म्हणून मानलेला पहिला सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे झाला, तोही शेजाऱ्यांतच. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात. दोन्ही बाजूंस एकही गोल झाला नाही. स्कॉटलंडची स्वतंत्र पार्लमेंट १७०७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटीत विलीन झाली होती आणि पुन्हा स्वतःची पार्लमेंट मिळण्यास त्या देशास १९९९ साल उजाडावे लागले. या मधल्या काळात ज्या मोजक्या गोष्टींत स्कॉटलंड हे नाव जगापुढे राष्ट्र म्हणून उच्चारले जाई, त्यांत त्याचा फुटबॉलचा संघ ही एक होती. राज्य नसता राष्ट्रभाव जिवंत ठेवण्याचे काम अकरा माणसे आणि एक चेंडू यांनी केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि चेंडू एकट्याने पळवीत न नेता सोबत्यास देत देत पुढे जाण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती मुख्यतः स्कॉटिश खेळाडूंनी वाढविली व इंग्रजांनी त्यांच्यापासून घेतली. म्हणजे प्रतिस्पर्धी येथे गुरूही झाला.

येथे कोणी पूर्वपक्ष करील की, हे सर्व ठीक, परंतु खेळाने शेजाऱ्यांत वैरच वाढते. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४५ मध्ये असेच प्रतिपादन केले होते. आणि या पक्षाचे लोक एक उदाहरण हटकून देतात, ते मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व होंडुरास यांचे. जून १९६९ मध्ये जागतिक स्पर्धेतील प्रवेशासाठी या दोन शेजाऱ्यांत तीन सामने झाले. पहिला होंडुरासने जिंकला, दुसरा साल्वादोरने, तिसरा मेक्सिको शहरात होऊन साल्वादोरने ३-२ असा जिंकला. सामन्यांच्या वेळी दंगे झाले, आणि १४ जुलै रोजी प्रत्यक्ष युद्ध पेटले. चार दिवसांत ते थांबले, पण तेवढ्यात हजारो माणसे प्राणास मुकली. जगाने त्यास 'फुटबॉलचे युद्ध' असे नाव दिले.

नाव चटकदार आहे, परंतु निदान म्हणून ते फसवे आहे. साल्वादोर हा लहान व दाट वस्तीचा देश. तेथे जमीन थोड्या घराण्यांच्या हाती. म्हणून सुमारे तीन लाख साल्वादोरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या होंडुरासमध्ये जाऊन जमिनी कसून राहिले होते. होंडुरासने जमीन-सुधारणेचा कायदा अमलात आणिला आणि या लोकांस बाहेर काढण्यास प्रारंभ केला. ज्याने काल शेजारी बसून जेवावे त्याच्या घरावर आज खूण पडू लागली. वैर जमिनीचे होते. चेंडूने ते फक्त उघडे केले. साल्वादोरचा संघ १९७० च्या जागतिक स्पर्धेत गेला, तीनही सामने हरला, आणि त्याला एकही गोल करता आला नाही. इकडे तहावर सह्या होण्यास १९८० साल उजाडले आणि सरहद्दीचा तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९२ मध्ये मिटविला. तापमापकात पारा चढला म्हणून तापमापक फोडून ताप उतरत नाही. तथापि पारा चढलेला पाहूनही जो औषधोपचार करीत नाही, त्यासही शहाणा म्हणता येत नाही.

हा पारा आमच्या दाराशी केव्हा चढतो, हे सांगितल्यावाचून खारबावविषयीचे लिहिणे पुरे होणार नाही. खारबावाहून पुढचे स्थानक भिवंडीचे. यंत्रमागांचे हे शहर. येथे मुसलमान विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, उत्तरेकडचे कारागीर आहेत आणि आसपासच्या खेड्यांतील आगरी-कोळी मंडळी आहेत. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी येथे भयंकर दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ मध्ये पुन्हा तोच वणवा पेटला. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून गल्लोगल्ली मोहल्ला समित्या स्थापिल्या. साध्या शिपायाने त्या त्या वस्तीतील दोन्ही समाजांच्या सामान्य लोकांस एकत्र बसवावे, गटाराच्या व नळाच्या भांडणापासून बोलणे सुरू करावे, अशी ती रीत होती. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली, ही गोष्ट आमच्या मते या तालुक्याच्या इतिहासात वसईच्या विजयाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजे.

याच भागातील एका शाळेत अध्यापन करीत असताना आम्ही पाहिलेली एक लहानशी गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी भारत व पाकिस्तान यांचा क्रिकेटचा सामना होता आणि वर्गात तीच चर्चा चालली होती. मधल्या सुटीत एका मुसलमान विद्यार्थ्याच्या दप्तरात आम्हांस नवा कोरा तिरंगा घडी करून ठेवलेला दिसला. आम्ही कौतुकाने विचारले, "अरे वा, आजच आणलास?" तो हळूच म्हणाला, "सर, जिंकलो की लगेच फडकवता यायला पाहिजे. उशीर झाला तर लोक म्हणतात." बारा वर्षांचे ते पोर! वर्गातील इतर मुलांस सामना म्हणजे एक दिवसाचा आनंद होता. त्याला ती परीक्षा होती, आणि तिच्यात तो आदल्या दिवसापासून उत्तीर्ण होण्याची तयारी करीत होता. त्या मुलास कोणी मारले नव्हते, कोणी शिवीही दिली नव्हती. फक्त सहज, हसत हसत, 'तू कोणाच्या बाजूने?' हा प्रश्न त्याला वेळोवेळी विचारला गेला होता. तो प्रश्न आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतही विचारला जातो. विचारणारा दुष्ट नसतो. परंतु ज्यास तो कधीच विचारला जात नाही, त्यास त्या प्रश्नाचे वजन कळत नाही.

शेजारी राष्ट्राशी चुरस असणे आणि शेजाऱ्याच्या मुलाविषयी संशय असणे, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. पहिली बांधासारखी आहे. ती असावी, आमचा संघ जिंकावा म्हणून आमचे काळीज धडधडावे, राष्ट्रगीताच्या वेळी कंठ दाटून यावा. दुसरी म्हणजे त्याच बांधास आतून खांड पाडणे होय. खांड पडली की खारे पाणी हिंदूचे शेत आणि मुसलमानाचे शेत असा भेद करीत नाही.

फुटबॉलमध्ये आमच्या देशाची शेजाऱ्यांशी झालेली काही गाठभेट या दृष्टीने स्मरणीय आहे. फाळणीनंतर पाचच वर्षांनी, १९५२ मध्ये, कोलंबो येथे भारत व पाकिस्तान यांचे संघ समोरासमोर आले. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सामना ०-० असा बरोबरीत सुटला आणि स्पर्धेचा चषक दोन्ही देशांस मिळून देण्यात आला. देश वाटून घेतलेल्या दोन भावांनी एक चषक वाटून घेतला, असा हा प्रसंग. पुढे १५ ऑक्टोबर २०१९ रोजी कोलकात्यात भारत व बांगलादेश यांचा सामना झाला. आरंभी दोन्ही राष्ट्रगीते झाली, आणि दोन्ही एकाच कवीची, रवींद्रनाथ ठाकुरांची. एकाच कवीच्या शब्दांनी दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांची छाती भरून यावी, असा योग जगात दुर्मीळ. त्या दिवशी बांगलादेश पुढे होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटास आदिल खान याने डोक्याने चेंडू मारून भारतास बरोबरी साधून दिली.

तिसरा प्रसंग २१ जून २०२३ चा. दक्षिण आशियाई स्पर्धेसाठी पाकिस्तानचा संघ बंगळूरास यावयाचा होता. तो तेव्हा मॉरिशसमध्ये खेळत होता आणि प्रवेशपत्रांस विलंब लागल्यामुळे सामन्याच्याच दिवशी बंगळूरास पोहोचला. भारताने ४-० असा विजय मिळविला. त्यांतील तीन गोल सुनील छेत्री यांचे. विजयाचा आनंद आम्हांसही झाला. परंतु शेजारच्या घरी येणाऱ्यास दारातच इतके तिष्ठावे लागते, ही उघाडी गंजल्याची खूण आहे. तिला तेल कोणी घालावे, हा राज्यकर्त्यांचा प्रश्न आहे आणि त्यात दोन्हीकडचे दोष आहेत. आपल्या घरातील उघाडी मात्र आपल्या हातात आहे.

संस्कृत वाङ्मयात 'देहलीदीपन्याय' म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या वाचकांस उंबरठ्याचे महत्त्व सांगावयास नको. स्वतःच्या संघाविषयीचे प्रेम हा असा उंबरठ्यावरचा दिवा असावा. त्याच्या उजेडात शेजाऱ्याचा चेहराही दिसला पाहिजे. कोल्हापूरच्या जुन्या मल्लांत प्रतिमल्लास हात देऊन मगच कुस्तीस लागण्याची रीत होती आणि आहे. ज्याच्याशी लढावयाचे त्याचा हात आधी हातात घ्यावयाचा. प्रतिमल्लावाचून मल्लाचे बळ सिद्ध होत नाही, म्हणून हा मान. शास्त्रार्थातही प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम नीट मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, असा दंडक आहे. हीच वृत्ती सामना पाहताना का नसावी?

येत्या काळात शेजारी राष्ट्रांशी फुटबॉलचे, क्रिकेटचे सामने होतीलच, आणि घरोघर मंडळी दूरचित्रवाणीपुढे जमतीलच. वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे की, अशा प्रसंगी मुले सामन्याइतकेच आपल्याकडेही पाहत असतात. आपला गोल झाला की आपण टाळी वाजवितोच. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू सुंदर रीतीने जाळ्यात गेला असता 'वाहवा' हा शब्द आजोबांच्या तोंडून निघाला, तर नातवंडांस देशभक्तीचा एक धडा मिळेल, जो पाठ्यपुस्तकात सापडत नाही. हरलो तर शिव्याशाप नकोत, जिंकलो तर शेजारच्या गल्लीत जाऊन मुद्दाम फटाके नकोत. आणि त्या दिवशी वाड्यात, चाळीत किंवा इमारतीत राहणारे दुसऱ्या समाजाचे एखादे मूल दाराशी घुटमळताना दिसले, तर त्याला आत बोलवावे. तू कोणाच्या बाजूचा, हे त्यास विचारू नये. सरबत घेणार की चहा, इतकेच विचारावे.